कादंबरी कोणत्या रकान्यात धरायची?

मराठीच्या प्राध्यापकाने कादंबरी लिहिली की दोन्हीकडून शंका घेतली जाते. लिहिणारे म्हणतात, पुस्तकी माणूस आहे, माणसं कमी आणि सिद्धान्त जास्त असणार. विभागातले म्हणतात, आता यांचं संशोधन संपलं. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, कादंबरीची समीक्षा करते आणि कादंबऱ्याही लिहिते. समीक्षेने माणसातला लेखक आटतो का, हा प्रश्न मला चर्चासत्रांत, मुलाखतींत आणि एकदा पदोन्नतीच्या समितीसमोरही विचारला गेला. तेव्हा दिलेली उत्तरं घाईची होती. आता सवडीने लिहिते आहे. माझं म्हणणं असं की समीक्षेने कादंबरी आटत नाही. विद्यापीठात समीक्षा म्हणून जी एक भाषा चालते, तिने मात्र आटते. हे मला कसं कळत गेलं, ते सांगते.

एम.ए.नंतरची पहिली वर्षं तासिका तत्त्वावर गेली. सकाळी एका कॉलेजात द्वितीय भाषेचे तास, दुपारी एस.टी.ने दुसऱ्या गावी जाऊन ऐच्छिकचे. मानधन तासावर, तेही बिल मंजूर झालं की वर्षाअखेरी एकदम. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण आजही कितीतरी मुलंमुली त्याच फेऱ्यात आहेत आणि त्यांची अवस्था माझ्यापेक्षा बिकट आहे. पण त्या दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मासिकांचे बांधीव खंड होते. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे, ‘अनुष्टुभ’चे, मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’चे. परतीची गाडी संध्याकाळी असे. तोवर मी तेच वाचत बसायचे. समीक्षा वाचायची गोडी मला तिथे लागली. त्या लेखांत माणसं एखाद्या पुस्तकावरून हमरीतुमरीवर येत, दुसऱ्याच्या वाचनातली फट शोधून काढत, आणि पुढच्या अंकात त्यावर उत्तर येई. एखादी कादंबरी चांगली की वाईट, यावर खरोखर काहीतरी अवलंबून आहे असं वाटायचं. आमच्या भागात त्याची हवाही होती. नांदेडचे समीक्षक आणि विचारवंत नरहर कुरुंदकर जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुने प्राध्यापक त्यांची व्याख्यानं काल ऐकल्यासारखी सांगत. समीक्षक वा. ल. कुलकर्णी औरंगाबादला मराठीचे विभागप्रमुख होते त्या काळाच्या आठवणी निघत. लहान गावात राहूनही साहित्याचा मोठा विचार करता येतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, झाले तेव्हा तिसरा पेपर लिहायचा असे. दीर्घोत्तरी प्रश्न असत, हात दुखून येई. २०१२ पासून तशाच राष्ट्रीय परीक्षेचा, नेटचा, तिसरा पेपरही पर्यायी उत्तरांचा झाला आणि २०१८ मध्ये तो पेपरच गेला. म्हणजे आज मराठीचा उमेदवार या परीक्षेत एक परिच्छेदही न लिहिता प्राध्यापकपदाला पात्र ठरतो. साहित्य शिकवणाऱ्याला स्वतःला दोन वाक्यं धड लिहिता येतात का, हे तिथे कुणी बघत नाही. मला याची फार काळजी वाटते. पुढे प्रबंध तपासताना ती रोज भेटते.

कायम झाल्यावर पीएच.डी.ला नोंदणी केली. विषय साठोत्तरी कादंबरीतल्या निवेदनाचा. माझे मार्गदर्शक सर जुन्या वळणाचे होते. प्रकरण वाचायला दिलं की परत येताना समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात दोनच प्रकारचे शेरे असत. एक, ‘कुठल्या पानावर?’ आणि दुसरा, ‘हे कोण म्हणतं?’ मी लिहिलेलं असायचं, ‘नायकाचे एकाकीपण येथे प्रकर्षाने जाणवते.’ बाजूला पेन्सिल: हे कोण म्हणतं? नायक स्वतः म्हणतो, निवेदक म्हणतो, दुसरं एखादं पात्र म्हणतं, की तूच म्हणतेस? पहिल्यांदा मला वाटलं सर संदर्भ मागताहेत. मग लक्षात आलं की कादंबरीतल्या प्रत्येक वाक्याला एक मालक असतो, आणि तो मालक शोधत गेलं की कादंबरी कशी उभी केली आहे ते उलगडत जातं. सर त्याबद्दल कधी सलग बोलले नाहीत. पेन्सिलीनेच शिकवलं.

प्रबंध स्वीकारला गेला, मौखिकी झाली, पेढे वाटले. प्रबंध मात्र मला पुन्हा वाचवेना. सरांचे शेरे पाळून जे हाती लागलं होतं ते चांगलं होतं. ते ज्या भाषेत मांडलं होतं ती भाषा कुणाचीच नव्हती. ‘दिसून येते’, ‘असे म्हणता येईल’, ‘अधोरेखित होते’. वाक्यावाक्यातून कर्ता पळून गेलेला. कुणाला दिसतं, कोण म्हणतं, काही पत्ता नाही. जो प्रश्न मी कादंबऱ्यांना विचारत होते, तो माझ्याच गद्याला विचारला असता तर एक पान टिकलं नसतं. आणि ही भाषा माझी एकटीची नव्हती. आमच्याकडे ती अशीच हातोहात येते. बी.ए.ला कादंबरी हा साहित्यप्रकार शिकवताना कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली असे घटक फळ्यावर लिहितात. गाईडात तेच, उत्तरपत्रिकेत तेच, एम.ए.च्या लघुप्रबंधात तेच आणि पीएच.डी.तही प्रकरणांची नावं तीच. पहिलं प्रकरण ‘लेखकाचे जीवन आणि वाङ्मय’, शेवटी ‘उपसंहार’. मधल्या प्रकरणांत कादंबरी बदलली तरी वाक्यं बदलत नाहीत.

पहिल्या कादंबरीचा विषय माझ्या डोक्यात प्रबंधाच्याही आधीपासून होता. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळण्याचा कायदा १९९४ साली झाला, २००५ मध्ये तो देशभर झाला. आमच्या भागात त्याचा घराघरांतला परिणाम म्हणजे हक्कसोडपत्र, बहिणीने आपला वाटा सोडल्याचा नोंदणीचा कागद. भाऊ बहिणींना दिवाळीला आणतात, साडीचोळी करतात आणि भाऊबीज झाली की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. बहीण सही करते, कारण नाही केली तर माहेर तुटतं. मी हे माझ्या नात्यात आणि शेजारात पाहत आले होते. कादंबरी त्या एका दिवसाची करायची असं ठरवलं होतं: सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत. नायिकेचं नाव शोभा.

पहिला खर्डा मे महिन्याच्या सुट्टीत लिहिला. त्यातलं कचेरीतल्या प्रसंगाचं वाक्य असं होतं: ‘सही करताना शोभाच्या मनात भावाच्या प्रेमाखाली दडपल्या गेलेल्या स्त्रीच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला.’ हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मला आवडलं होतं. काही दिवसांनी वाचायला घेतलं आणि नकळत सरांचा प्रश्न तोंडात आला. हे कोण म्हणतं? शोभा सातवीपर्यंत शिकलेली. ‘अस्तित्वाचा प्रश्न’ हे तिचे शब्द असूच शकत नाहीत. मग निवेदक म्हणतो का? या कादंबरीचा निवेदक तर शोभाच्या इतका जवळ उभा केला होता की तिला न दिसणारं त्यालाही दिसायला नको. म्हणजे हे वाक्य पीएच.डी. झालेली एक बाई म्हणत होती, आणि तिला त्या कचेरीत काही काम नव्हतं.

त्या जागी आता छापील कादंबरीत असं आहे: ‘यंत्रावर शोभाचा अंगठा उमटेना. कारकुनाने काच पुसली, पुन्हा ठेवायला सांगितला. तरी उमटेना. मागून भाऊ म्हणाला, ताई, जरा दाबून.’ मधल्या एका खर्ड्यात यापुढे आणखी एक वाक्य होतं, धुणंभांडी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या असं सांगणारं. तेही काढलं. ज्या बायांनी आयुष्यभर भांडी घासली आहेत त्यांना ते सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. सगळी कादंबरी मी अशी चाळून काढली. जिथे जिथे मी शोभाच्या वतीने बोलत होते ती पानं गेली. पान काढताना वाईट वाटायचं, पण का काढायचं हे मला नेमकं सांगता येत होतं, कारण तेच मी दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांत वर्षानुवर्षं तपासत आले होते. म्हणून म्हणते, समीक्षेने माझी कादंबरी आटली नाही. समीक्षेनेच तिच्यातला प्रबंध बाहेर काढला.

हे पुनर्लेखन लांबलं याला नोकरीही कारण होती. आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार हा कागदावरचा हिशेब. त्यावर सत्र परीक्षा, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कागदपत्रं, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, मतदार यादी. सत्र पद्धत आल्यापासून पेपर तपासणी वर्षातून दोनदा येते आणि मे महिनाही पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही. कादंबरीला सलग वेळ लागतो. कविता प्रवासात सुचू शकते, लेख रात्री जागून पुरा होतो. कादंबरीत मात्र चार दिवस खंड पडला की माणसं ओळख देत नाहीत. मी सकाळी लवकर उठून तासभर रोज लिहायची सवय लावून घेतली. यात कौतुकाचं काही नाही, दुसरा मार्गच नव्हता.

एक गोष्ट मात्र नोकरीनेच दिली: वर्गात मोठ्याने वाचणं. आमच्या मुलांकडे नेमलेलं पुस्तक बहुधा नसतं. म्हणून मी कादंबरीची पानं वर्गात वाचून दाखवते. वाचताना समोरचे चेहरे दिसतात. संवाद सुरू झाले की मागच्या बाकावरचा मुलगा मान वर करतो. निवेदक उपदेश करायला लागला की सगळ्यांच्या माना हळूहळू खाली जातात, आणि कुठल्या वाक्याला गेल्या ते मला बोट ठेवून दाखवता येतं. एकदा एका नावाजलेल्या कादंबरीचा प्रसंग वाचत होते. शेतमजूर बाई दुष्काळावर दीड पान बोलते. माझा एक विद्यार्थी, ज्याची आई रोजंदारीने जाते, सहज म्हणाला, “मॅडम, इतकं सलग बोलायला तिला मुकादम उभं राहू देईल का?” त्या कादंबरीवर लिहिलेल्या कितीतरी लेखांत हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्याचं वाक्य मी पुढे एका लेखात त्याचं म्हणूनच दिलं.

आता रकान्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१० ची नियमावली आली आणि एपीआय, म्हणजे शिक्षकाच्या कामगिरीचा निर्देशांक, नावाची गोष्ट आमच्या आयुष्यात आली. प्रत्येक कामाला गुण. विषयाच्या पुस्तकाला, प्रकाशक राष्ट्रीय पातळीवरचा असेल तर २५ आणि स्थानिक असेल तर १५. माझी कादंबरी तोवर छापून झाली होती. फाइल तयार करताना आमच्या समन्वयक सरांनी ती हातात घेतली, मागेपुढे पाहिली, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आहे याची खात्री केली आणि विचारलं, “मॅडम, ही कोणत्या रकान्यात धरायची?” विषयाचं पुस्तक म्हणावं तर विषय मराठी साहित्य आणि ही स्वतःच मराठी साहित्य. संदर्भग्रंथ म्हणता येईना. शेवटी ‘इतर’मध्ये ठेवली. पदोन्नतीच्या समितीत तज्ज्ञांची दोन मतं पडली. एक म्हणाले, भाषेच्या शिक्षकाचं ललित लेखन हे विषयातलंच काम आहे. दुसरे म्हणाले, यात संशोधन कुठे आहे? मग प्रकाशक राष्ट्रीय की स्थानिक यावर बराच वेळ गेला. कादंबरी त्या खोलीत कुणी उघडली नाही, आणि उघडावी अशी अपेक्षाही नव्हती.

२०१८ च्या नियमावलीत आकडे बदलले. मानव्यविद्येतल्या शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, अनुवादित पुस्तकाला ८. ललित लेखनाचा वेगळा उल्लेख याही तक्त्यात नाही. म्हणजे दुसऱ्याच्या कादंबरीचा मी अनुवाद केला तर तो नियमात स्पष्ट बसतो. स्वतःची लिहिली तर समितीच्या मर्जीवर. पुष्कळ मित्रांना हा अन्याय वाटतो आणि कादंबरीला गुण मिळावेत म्हणून निवेदन द्यावं असं ते सुचवतात. मी त्यावर सही केलेली नाही. शोधनिबंधाला गुण लावल्यावर काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पैसे भरले की निबंध छापून देणारी नियतकालिकं गावोगावी उगवली. त्यांना आवर घालायला २०१९ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, यूजीसी-केअर, आली, तर त्या यादीतल्या नियतकालिकांची नक्कल करणारी संकेतस्थळं निघाली. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. या सगळ्या धामधुमीत मराठीतली ज्यांची समीक्षा वाचावी अशी नियतकालिकं वर्गणीदारांविना कशीबशी तग धरून राहिली. कादंबरीला गुण लावले तर गुणांसाठी कादंबऱ्या येतील. मराठी कादंबरीवर एवढं संकट कुणी आणू नये. मला आयोगाकडून गुण नकोत. सत्रात एखादा महिना तपासणीच्या कामातून मोकळा मिळाला तरी पुष्कळ झालं.

समितीच्या त्या दुसऱ्या तज्ज्ञांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला द्यावंसं वाटतं. संशोधन कुठे आहे? हक्कसोडपत्राची नोंदणी कशी होते हे मी कचेरीत बसून पाहिलं. मुद्रांकाचा कागद, साक्षीदार, ओळख पटवणारे, नंतर तलाठ्याकडचा फेरफार, सातबाऱ्यावरून नाव कमी होणं, त्यासाठी येणारी नोटीस आणि ती नोटीस बहिणीपर्यंत कशी पोचते किंवा पोचत नाही. बायांशी बोलले. बहुतेकींनी पहिल्यांदा सांगितलं, मी राजीखुशीने दिलं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर, निघताना दारात उभं राहून सांगितलं ते वेगळं होतं. यातलं कादंबरीत फार थोडं आलं, पण जे आलं ते त्यामुळेच खरं उतरलं. तळटीप नसली म्हणजे अभ्यास नसतो, ही समजूत विद्यापीठातून जायला हवी.

मराठीत हा दुहेरी संसार काही नवा नाही. कुसुमावती देशपांडे नागपूरला इंग्रजी शिकवत, कथा लिहीत, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा आजही आधाराला घ्यावा लागतो. मर्ढेकरांना वाचक कवी म्हणून ओळखतात, त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. साहित्य अकादमीचा १९५६ चा पुरस्कार मात्र त्यांच्या सौंदर्यविचाराच्या पुस्तकाला मिळाला. भालचंद्र नेमाड्यांची पहिली कादंबरी १९६३ ची, पण अकादमीने त्यांना १९९० मध्ये गौरवलं ते ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी. विजया राजाध्यक्ष या कथाकार आणि प्राध्यापक. १९९३ चा पुरस्कार त्यांच्या मर्ढेकरांच्या कवितेवरच्या अभ्यासाला. ही यादी मी पहिल्यांदा सलग लावून पाहिली तेव्हा मला फार धीर आला. सर्जन आणि समीक्षा एकाच माणसाच्या हातून उत्तम होऊ शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला कुठे मिळणार? नेमाड्यांची दुसरी कादंबरी पहिलीनंतर बारा वर्षांनी, १९७५ मध्ये आली, आणि तिच्यापासून सुरू झालेल्या मालिकेचा नायक पुढे कॉलेजात शिकवतो. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी शिकवताना त्यांनी जे पाहिलं असेल त्याचीच पुढे कादंबरी झाली, असं मी समजते. स्टाफरूम ही कादंबरीची जागा होऊ शकते हे मराठीला तिथे नीट कळलं. मधली बारा वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. त्यांना दोन पुस्तकांत वर्षाचंही अंतर सहन होत नाही.

कादंबरी छापून झाल्यावर माझी समीक्षा बदलली. आधी मी पुस्तकाकडे तयार वस्तू म्हणून बघत होते. आता वाचताना वाटतं, इथे लेखकाने दुसरं काही करून पाहिलं असेल, मग हे का ठेवलं? प्रकरण इथेच का तोडलं? बापाचा मृत्यू दोन ओळींत उरकला आणि बैल विकायचा प्रसंग आठ पानं चालला, यामागचा निर्णय काय? दोष दाखवतानाही हात आखडता घेता येत नाही, कारण कष्ट कळले म्हणून सवलत दिली तर लेखकाचा अपमान होतो असं मला वाटतं. एका परिचित कादंबरीकाराच्या पुस्तकावर लिहिताना मी म्हटलं की शेवटच्या भागात निवेदक अचानक सर्वज्ञ होतो आणि त्यामुळे आधीचं सगळं उसनं वाटायला लागतं. त्यांनी फोन केला नाही, भेटल्यावर बोलले नाहीत. पुढच्या आवृत्तीत तो भाग बदलला होता. आमचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण पुस्तक सुधारलं, आणि मला त्याचं मोल जास्त आहे.

दोन्हीकडे वावरायचं तर काही पथ्यं पाळावी लागतात. माझ्या प्रकाशकाच्या कादंबऱ्यांवर मी लिहीत नाही. ज्या पुरस्काराच्या निवड समितीत मी आहे, तिथे त्या वर्षी माझं पुस्तक जाणार नाही हे आधी कळवते. प्रस्तावना लिहून देत नाही. आमच्याकडे प्रस्तावना ही बहुतेक वेळा ओळखीची भेट असते आणि पुस्तकाचं त्यात भलं होत नाही. आणि पुस्तक आल्याबरोबर लिहायची घाई करत नाही. प्रकाशन समारंभ होऊन, फोटो फिरून, सगळं शांत झाल्यावर पुन्हा वाचते. पहिल्या वाचनात विषयाने भारावून जायला होतं. दुष्काळ, आत्महत्या, जात, स्थलांतर, हे विषयच इतके मोठे आहेत की कादंबरी उणी पडली तरी लक्षात येत नाही. दुसऱ्या वाचनात येतं.

माझ्या कादंबरीवरही लिहून आलं. एकाने लिहिलं, ही प्राध्यापकी कादंबरी आहे. मी त्याचा लेख नीट वाचला. उदाहरण म्हणून त्याने दिलेला उतारा मीच शेवटपर्यंत राखलेला होता, शोभाच्या आजीच्या ओव्यांबद्दलचा. तो मला आजही ठेवावासा वाटतो. पण त्याने उतारा दिला, पान दिलं, कारण दिलं. अशा लेखाला मी मान देते. ‘प्रत्येकाने वाचावी अशी’ म्हणून संपणाऱ्या परीक्षणांनी मला काही दिलं नाही. वाचकांत मला सर्वांत जास्त मोलाचं वाटलं ते गावातल्या एका प्रौढ बाईंचं बोलणं. मुलीकडून वाचून घेतलं म्हणाल्या. “बाई, तुम्ही तिला परत का नाही जाऊ दिलं कचेरीत?” म्हणजे सही मागे घ्यायला. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. तशी सही मागे घेता येत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी कादंबरीत तरी तिने जायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. माझी दुसरी कादंबरी त्या बोलण्यातून निघाली.

आता माझ्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. आराखडा घेऊन आले की मी पहिलं प्रकरण काढायला सांगते. लेखकाचं चरित्र कोशात आहे, तुम्ही काय वाचलं ते लिहा. काही नाराज होतात, कारण ते प्रकरण सर्वांत सोपं असतं आणि पानं भरतात. पेन्सिल मीही वापरते. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण आढळते.’ ती स्वतः ऊसतोड कामगारांच्या वस्तीत वाढलेली. तिला म्हटलं, तू त्या जागी राहिलेली आहेस, मग हे चित्रण बरोबर आहे की नाही ते सांग. ती म्हणाली, “मॅडम, तसं प्रबंधात चालतं?” मी म्हटलं, चालवायचं. पुढच्या वेळी तिने आणलेल्या पानांत कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) कशी फिरते आणि कादंबरीकाराने ती कुठे चुकीची दाखवली आहे याचं असं विवेचन होतं की मी स्वतः त्या कादंबरीवर लिहिलेला जुना लेख बाजूला काढून पुन्हा तपासला.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलताना सर्जनशील लेखनाची एक श्रेयांकाची अभ्यासपत्रिका बसवता येईल असं दिसलं. अभ्यास मंडळात मी सुचवलं की मुलांनी कथा किंवा कादंबरीचं एक प्रकरण लिहावं आणि सोबत त्याचे आधीचे खर्डे जोडावेत. कोणतं वाक्य का काढलं हे प्रत्येक ठिकाणी लिहावं. गुण दोन्हींना. आक्षेप आला की असं मूल्यमापन वस्तुनिष्ठ होणार नाही. मी म्हटलं, काढलेलं वाक्य समोर आहे, ठेवलेलं समोर आहे आणि कारणही लिहिलेलं आहे. उत्तरपत्रिकेत पाठ केलेल्या घटकांना गुण देण्यापेक्षा हे पुष्कळ वस्तुनिष्ठ आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, शिकवणार कोण? हा प्रश्न रास्त होता. ज्यांना पात्रता परीक्षेत कधी परिच्छेद लिहावा लागला नाही, त्यांना हे शिकवायला सांगणं अवघड आहे. म्हणून आधी शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायची आणि त्यात प्रत्येक शिक्षकाने स्वतःची दोन पानं आणून सर्वांसमोर तपासायची असं ठरलं. तारखा परीक्षांच्या वेळापत्रकावर अडल्या आहेत. माझी दोन पानं मी काढून ठेवली आहेत, दुसऱ्या कादंबरीतली, जी तीन खर्ड्यांनंतरही मला पटलेली नाहीत.